दुष्काळी मुलखातील वैद्यबाई : डॉ. मेबलबाई आरोळे

अहिल्यानगर शहराहून, म्हणजे ज्यास २०२४ सालापर्यंत अहमदनगर म्हणत त्या गावाहून, आग्नेय दिशेस सुमारे ७५ किलोमीटर गेले असता जामखेड हे तालुक्याचे ठिकाण लागते. बालाघाटच्या डोंगरांनी वेढलेला हा मुलूख पर्जन्यछायेत पडतो. सह्याद्रीच्या माथ्यावर मुसळधार वर्षणारे मेघ येथवर येईतो बहुधा रिते झालेले असतात. पाऊस वेळेवर आला तर ज्वारी-बाजरीचे पीक हाती लागते. न आला तर घरांना कुलपे घालून माणसे ऊसतोडीच्या वाटेस लागतात. अशा या रुक्ष प्रदेशात एका विदुषीने आपल्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे वेचली, आणि तेथील निरक्षर स्त्रियांच्या हातून असे काही कार्य करविले की ते पाहावयास जगातील मोठमोठे वैद्य आले. त्या डॉ. मेबलबाई आरोळे यांचे चरित्र यंदाच्या अंकात वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

मेबलबाईंचा जन्म २६ डिसेंबर १९३५ रोजी, म्हणजे नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, जबलपूर येथे झाला. त्यांचे वडील राजप्पन इमॅन्युएल हे तेथील लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेजात नव्या कराराच्या ग्रीक भाषेचे अध्यापक होते. घर विद्याव्यासंगाचे आणि प्रार्थनेचे. अशा घरातील कन्येने विद्येत पुढे जावे यात नवल नाही. वैद्यकीच्या शिक्षणासाठी त्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. हे कॉलेज म्हणजे डॉ. आयडा स्कडर या अमेरिकन मिशनरी बाईंनी १९१८ साली मुलींसाठी काढलेल्या वैद्यक शाळेचे वाढलेले रूप होय. तेथेच त्यांची गाठ रजनीकांत आरोळे या नगर जिल्ह्यातील, शिक्षक दांपत्याच्या पोटी जन्मलेल्या सहाध्यायाशी पडली. १९५९ साली मेबलबाई पदवीधर झाल्या आणि १९६० साली या उभयतांचा विवाह झाला. विवाहसमयी दोघांनी मिळून एक व्रत घेतले. आपले वैद्यकीचे ज्ञान शहरात विकावयाचे नाही, ज्यांस कोणी वाली नाही अशा खेड्यांतील जनांच्या सेवेस ते वाहावयाचे, असे ते व्रत होते.

व्रत घेणे सोपे; ते कसे पाळावे हे समजणे कठीण. या दांपत्यासही ते एकाएकी समजले नाही. १९६२ ते १९६६ या काळात दोघेही नगर जिल्ह्यातीलच वडाळा येथील मिशनच्या इस्पितळात राबले. रात्रंदिवस रोगी येत. शस्त्रक्रिया होत, औषधे दिली जात, माणसे बरी होऊन घरी जात. पण काही महिन्यांनी तीच माणसे तोच रोग घेऊन दारी उभी राहत. हगवणीने शुष्क झालेले मूल बरे होऊन आईच्या कडेवर बसून परत जाई, ते पुन्हा त्याच गढूळ पाण्याकडे. क्षयाचा रोगी खडखडीत बरा होऊन जाई, तो पुन्हा त्याच कोंदट खोपटात आणि त्याच उपासमारीत. बहुतेक दुखणी अशी होती की ती मुळात होऊच नयेत. आपण गळक्या छपराखाली भांडी मांडीत बसलो आहो, छप्पर कोणी शाकारीत नाही, हे या दोघांच्या ध्यानात आले. इस्पितळ कितीही उत्तम असले तरी ते ज्याच्या पायात बळ व गाठीस गाडीभाडे आहे त्याच्याच उपयोगी पडते. जो घरीच मरतो त्याची गणती इस्पितळाच्या वहीत होत नाही.

हा उलगडा करून घेण्यासाठी त्यांनी १९६६ नंतरची काही वर्षे अमेरिकेत उच्च शिक्षणात घालविली. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करताना त्यांस डॉ. कार्ल टेलर यांच्यासारखा गुरू लाभला. डॉ. टेलर हे हिंदुस्थानात जन्मलेले, मिशनऱ्यांचेच पुत्र. इस्पितळाच्या भिंतीबाहेर जाऊन संपूर्ण गावाचे आरोग्य कसे सांभाळावे याची आखणी तेथे झाली. तेथेच राहून सुखाने आयुष्य कंठता आले असते, पण ती दोघे १९७० साली परत फिरली.

आता प्रश्न उरला तो ठिकाणाचा. कोणावर आपली सेवा लादावयाची नाही, गावकरी बोलावतील तेथेच जावयाचे, असा त्यांचा निश्चय होता. जामखेडच्या पुढाऱ्यांनी त्यांस बोलाविले आणि गुरांच्या जुन्या दवाखान्याची ओस पडलेली जागा दिली. त्या जागेत कामास आरंभ झाला. परदेशी विद्यापीठाच्या पदव्या मिळविलेले दोन डॉक्टर जनावरांच्या दवाखान्यात माणसांवर उपचार करीत बसले, हे दृश्य आमच्या विद्यार्थ्यांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे.

मेबलबाईंची मायबोली मराठी नव्हे. ती त्यांस शिकावी लागली, आणि त्याहून अवघड असे आणखी एक शिक्षण त्यांच्या वाट्यास आले. ते शिक्षण दुष्काळाने दिले.

१९७० पासूनच पाऊस हुलकावण्या देत होता. १९७२ साली तर महाराष्ट्रावर असा दुष्काळ कोसळला की जुनी माणसे आजही त्याचे नाव काढताच गप्प होतात. विहिरी आटल्या. चाऱ्यावाचून जनावरे मेली. खडी फोडण्याच्या कामावर हजारो माणसे उन्हात बसली. दुष्काळ हा केवळ शेताचा रोग नव्हे, तो देहाचाही आहे. पाणी आटले की उरलेल्या डबक्यातून माणसे व गुरे एकत्र पितात आणि त्यातून हगवण पसरते. धान्य संपले की मुलांच्या अंगातील रोगाशी झुंजण्याची शक्ती जाते. मग गोवरासारखे दुखणे, जे पोटभर जेवणाऱ्या मुलास बहुधा आठ दिवस निजवून सोडते, ते उपाशी मुलाचा प्राण घेते. कुटुंब पोटामागे परमुलखास गेले की लस टोचणारा येतो तेव्हा घर बंद असते. आभाळ रुसले म्हणजे रोग असा एकामागून एक दारे उघडीत आत येतो.

आरोळे दांपत्याने गावोगाव जाऊन काय हवे म्हणून विचारले, तेव्हा औषध मागणारे थोडे निघाले. लोकांनी पाणी मागितले आणि अन्न मागितले. पुस्तकी विद्वान असता तर म्हणाला असता की हे वैद्याचे काम नव्हे. मेबलबाई व रजनीकांतराव यांनी तसे म्हटले नाही. त्यांनी बाहेरून साहाय्य मिळवून गावोगावी कूपनलिका खोदविल्या व त्यांवर हातपंप बसविले. उघड्या विहिरीत पायांची घाण जाते; बंद नळीतून वर येणारे पाणी त्या मानाने स्वच्छ असते. म्हणून तहान भागविणारा पंप हाच रोग हटविणाराही ठरला. या कूपनलिकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. त्या पुष्कळ ठिकाणी दलितांच्या वस्तीत खोदण्यात आल्या. आजवर ज्या वस्तीतील स्त्रियांना गावच्या विहिरीपाशी दूर उभे राहून कोणी ओतील तेवढे पाणी घ्यावे लागे, त्याच वस्तीत आता वरच्या आळीच्या बायका घागर घेऊन येऊ लागल्या. उपदेशाची व्याख्याने वर्षानुवर्षे देऊन जे साधले नसते ते तहानेने व एका हातपंपाने साधू लागले.

अन्नाचेही तसेच. लहान मुलांसाठी गावोगावी सामायिक स्वयंपाकघरे सुरू झाली. त्यांची व्यवस्था गावकऱ्यांनीच पाहावयाची, पाणी-सरपण त्यांनीच आणावयाचे, रांधावयाचे व वाढावयाचेही त्यांनीच. निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीस जेवू लागली. आपली मुले आपणच वाचवू शकतो, हा विश्वास त्या भाकरीबरोबर गावात शिरला. रजनीकांतराव गावच्या तरुणांबरोबर व्हॉलीबॉल खेळत. खेळता खेळता गप्पा होत, शेतीच्या गोष्टी निघत, आणि त्यातून तरुण शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली. पुढे स्त्रियांची मंडळेही निघाली. नालाबांध घालणे, झाडे लावणे, सांडपाण्याचे शोषखड्डे खणणे ही कामे या मंडळांनी अंगावर घेतली. आरोग्याच्या कामात झाडांचा व बांधांचा काय संबंध, असे कोणी विचारील. जेथे दर दुष्काळात रोगास दार उघडे सापडते, तेथे जमिनीत मुरलेले पाणी हेही औषधच होय.

तथापि रोज उठून प्रत्येक घरात डोकावणार कोण, हा प्रश्न राहिलाच होता. प्रथम शिकलेल्या परिचारिका गावी पाठविण्यात आल्या. ही योजना फसली. परक्या गावी एकट्या तरुण मुलीने राहणे कठीण. ती बाहेरची, म्हणून तिचे कोणी ऐकेना. आणि तिचेही मन तेथे रमेना. या अपयशाची कबुली आरोळे दांपत्याने मोकळेपणी दिली आहे, आणि आम्हांस त्यांच्या मोठेपणाची ही एक खूण वाटते. मग विचार निघाला की गावातलीच एखादी बाई का शिकवू नये? लोकांनी आपल्यातून एक बाई निवडावी आणि तिला जामखेडास पाठवावे.

ज्या निवडून आल्या त्या कोण होत्या? बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. कित्येक दलित घरच्या होत्या. काहींना नवऱ्याने टाकले होते, काही मोलमजुरी करून पोट भरीत होत्या. आपल्याच घरात ज्यांचे मत कोणी विचारीत नसे, अशांच्या हाती गावाचे आरोग्य द्यावयाचे होते. शहाणीसुरती माणसे हसली असतील यात शंका नाही. वैद्यकीचे शास्त्र शिकण्यास मॅट्रिकनंतर कित्येक वर्षे लागतात. ते ज्यांना आपले नावही लिहिता येत नाही त्यांना कसे शिकविणार?

मेबलबाईंनी ते शिकविले. या बायका दर आठवड्यास जामखेडास येत, मुक्काम करीत आणि शिकून परत जात. पाठ चित्रांतून, गोष्टींतून आणि गाण्यांतून चाले. जे लिहिता येत नाही ते स्मरणात राहावे अशी योजना होती. एका वेळी एक विषय शिकावयाचा, गावी जाऊन करून पाहावयाचा आणि पुढल्या खेपेस त्याचा वृत्तांत सर्वांपुढे सांगावयाचा. रात्री सर्वजणी जमिनीवर शेजारी शेजारी निजत, आणि पांघरावयास सर्वांत मिळून एक भले मोठे पांघरूण असे. ते मुद्दाम तसे शिवविले होते. थंडीत पांघरुणाखाली यावयाचे तर शेजारणीची जात विचारून चालत नाही. आमच्या मते मेबलबाईंच्या सगळ्या शिकवणीत हा धडा पहिल्या प्रतीचा होता, आणि त्यास एकही शब्द लागला नाही.

त्या काय शिकल्या? हगवण लागलेल्या मुलाचे पाणी तोडू नये, उलट उकळून निवविलेल्या पाण्यात बेताचे मीठ व साखर घालून ते थोडे थोडे पाजीत राहावे. बाळ जन्मताच त्यास आईचे दूध द्यावे, तीन दिवस उपाशी ठेवू नये. नाळ कापावयाची ती स्वच्छ पात्याने, म्हणजे धनुर्वात होत नाही. मुलाचे वजन करावे, दंडाचा घेर मोजावा. घेर भरत नसेल तर ते मूल उपाशी आहे असे समजावे. गरोदर बाईस काय खाऊ घालावे, बाळंतपण अडल्याची लक्षणे कोणती आणि जामखेडच्या इस्पितळात केव्हा धाडावे. क्षय व कुष्ठ यांची पहिली चिन्हे कशी ओळखावी, आणि अशा रोग्यास घराबाहेर न काढता नियमाने औषध कसे द्यावे. या गोष्टी थोड्या, साध्या आणि स्वस्त आहेत. बालके मरत ती बहुतांशी या थोड्या गोष्टी माहीत नसल्यामुळेच मरत.

परिणाम काय झाला, ते आकड्यांवरून पाहावे. कामाच्या आरंभी, १९७१ साली, या प्रकल्पाच्या गावांत जन्मलेल्या दर १००० बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत असत. १९७६ साली ही संख्या ५२ वर आली, आणि १९९३ साली १९ वर. हे आकडे वाचताना विद्यार्थ्यांनी ते गणिताचे समजू नयेत. १७६ आणि १९ यांच्या वजाबाकीत जे उरते ती मुले होत. ती जगली, शाळेत गेली, आणि आज त्यांची स्वतःची मुले शाळेत असतील.

मानसन्मान यथाकाल आले. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हाती आरोग्य कसे सोपविता येते याविषयी एक ग्रंथ काढला, त्यात जामखेडच्या प्रयोगास स्थान मिळाले. १९७८ साली आल्मा-आटा येथे राष्ट्राराष्ट्रांच्या परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला, तेव्हा ज्या थोड्या ठिकाणी असे काम प्रत्यक्ष चालू होते त्यांत जामखेड होते. १९७९ साली आरोळे पतिपत्नीस रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळाले, आणि १९९० साली भारत सरकारने दोघांस पद्मभूषण ही पदवी दिली. १९९४ साली दोघांनी मिळून जामखेडच्या कार्याचा इतिहास इंग्रजी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. परंतु आम्हांस वाटते, मेबलबाईंचा खरा सन्मान निराळाच आहे. त्यांनी शिकविलेल्या बायका पुढे आपल्यासारख्या दुसऱ्या बायकांना शिकवू लागल्या, आणि देशोदेशीचे डॉक्टर जामखेडास येऊन या गुरूंपुढे विद्यार्थी म्हणून बसू लागले.

२७ सप्टेंबर १९९९ रोजी मेबलबाई निवर्तल्या. रजनीकांतराव मे २०११ मध्ये गेले. त्यांच्यामागे त्यांच्या अपत्यांनी हे कार्य पुढे चालविले.

आता आम्ही हे चरित्र का निवडले ते सांगतो. जामखेडचा दुष्काळ कायमचा गेला असे नव्हे. पाऊस अजूनही हुलकावणी देतो. जातिभेदही समूळ गेला असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. उलट साऱ्या पृथ्वीचे उष्णतामान वाढत चालले आहे. कोठे पाऊस महिनामहिना दडी मारतो, तर कोठे महिन्याचा पाऊस एका रात्रीत कोसळतो. अशा काळात रस्ते खचतात, विजेचे दिवे जातात, शहरचा डॉक्टर गावी पोहोचत नाही. त्या वेळी गावात जी असते ती गावचीच बाई. कोणाच्या घरी तान्हे मूल आहे, कोणती म्हातारी एकटी आहे, कोणाची चूल दोन दिवस पेटली नाही, हे तिला विचारावे लागत नाही. तिच्यापाशी ज्ञान असेल तर गाव तगेल. ते ज्ञान शहरातील मोठ्या इमारतीतच राहिले असेल तर तगणार नाही. मेबलबाईंनी हे अर्ध्या शतकापूर्वी ओळखले, आणि ओळखून स्वस्थ बसल्या नाहीत.

विद्या ही देऊन वाढते, असे आपण शाळेत नेहमी सांगतो. पण सांगणाऱ्याच्या मनात बहुधा एक भीती असते. माझ्यापाशी जे आहे ते सर्वांनाच आले तर मला कोण विचारील, ही ती भीती होय. डॉक्टर, शिक्षक, वकील, कोणीही तिच्यातून सुटलेला नाही. आम्ही शिक्षकही सुटलो आहो असे म्हणवत नाही. मेबलबाईंच्या पुढेही हा प्रश्न उभा होता. ज्या ज्ञानासाठी त्यांनी वेल्लोर व बाल्टिमोर येथे वर्षे घालविली, तेच त्यांनी नाव लिहू न शकणाऱ्या मोलकरणीच्या ओंजळीत घातले, आणि ती आपल्याहून अधिक कामी आली हे पाहून आनंद मानला. प्रभू येशूने गुरू असून शिष्यांचे पाय धुतले, ती गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. नव्या कराराच्या अध्यापकाच्या या कन्येने ती पुस्तकातच राहू दिली नाही.

म्हणून पालकांस आमची एकच विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी डॉक्टर व्हावी असे आपण सर्वच इच्छितो. ती इच्छा चांगली आहे. पण आजच शाळेतून घरी आलेल्या मुलास एवढे विचारावे की आरोग्याच्या तासाला तू जे शिकलास, ते आपल्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईंस सांगितलेस काय? मीठ-साखरेच्या पाण्याची गोष्ट तिच्या घरी पोहोचली काय? पोहोचली असेल तर तुमच्या घरात मेबलबाईंचे काम सुरू झाले असे समजावे. जामखेडच्या माळावरील त्या थंड रात्री एक पांघरूण पुष्कळजणींना पुरले. आपल्या विद्येचे पांघरूणही तसेच मोठे शिवावे, एवढेच परमेश्वरापाशी मागणे मागून आम्ही हे चरित्र पुरे करतो.